परतीचं पाणी

दुकानात तसली पिशवी एकच उरली होती आणि तिच्या दोन टोकांना दोन हात होते.

पिशवी पिवळी, जाड कापडाची. तोंड गुंडाळून चाप लावला की पाण्यात पडली तरी आतलं कोरडं राहणारी. एक टोक तिच्या मुठीत. दुसरं एका उंच, सावळ्या, दाढी करायचा कंटाळा केलेल्या माणसाच्या मुठीत. बाहेर पत्र्यावर पाऊस तडतडत होता आणि दुकानदार गल्ल्यामागून दोघांकडे आळीपाळीनं बघत होता, फुकटात खेळ बघायला मिळाल्यासारखा.

"मी आधी धरली," ती म्हणाली.

"असेल. पण मी आधी पाहिली."

"पाहिल्याचा पुरावा काय?"

तो हसला. हसताना आधी डोळे हसले, ओठ मागून आले. "वकील आहात का?"

"केमिस्ट. पाणी तपासते."

"दिवसभर पाण्यात हात. मग कोरड्या पिशवीचं एवढं काय अडलंय?"

"एक रात्र दलदलीच्या जंगलात काढायचीय. होडीनं जायचंय, मधल्या मचाणापर्यंत."

त्याच्या हातातलं पिशवीचं टोक सुटलं. त्यानं सोडलं नाही, सुटलंच.

"एकट्या?"

"बहुतेक."

"नव्या माणसाला एकटं कुणी सोडत नाही तिथे."

"माझा भाऊ गेला होता एकटा."

"तो नवा नव्हता—" तो बोलून गेला आणि थांबला. पाऊस एकदम मोठा झाल्यासारखा वाटला. त्यानं तिच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं; कपाळ, भुवया, हनुवटी. "तुम्ही… चिमटी."

त्या नावानं तिला हाक मारणारा माणूस जगात एकच होता. लहानपणापासून प्रत्येक गोष्ट उचलून, उलटीपालटी करून बघायची खोड, म्हणून दादानं ठेवलेलं नाव.

"तुम्ही कोण?"

"नकाशा विभागात आहे. दलदलीच्या वाटांचे नकाशे मी करतो. तुमचा भाऊ ते माझ्याकडून न्यायचा, आणि दर वेळी चुका काढून परत आणायचा." त्यानं शर्टाच्या बाहीनं कपाळ पुसलं, ते कोरडं असूनही. "होडी मला सापडली होती."

तिनं पिशवीचे पैसे दिले. दारात छत्री उघडताना मागे वळून म्हणाली, "नव्या माणसाला एकटं सोडत नाहीत म्हणालात. मग माझ्याबरोबर कोण येणार, नकाशेवाले?"

रविवारी सकाळी ती धक्क्यावर पोचली, तेव्हा तो तिथे आधीच येऊन बसला होता. दाढी केलेली होती. हनुवटीवर कापलंही होतं.

*

धक्का म्हणजे काय, तर पाण्यात घुसलेला लाकडी फळ्यांचा पट्टा, एक खोपटं, आणि खोपट्याच्या भिंतीवर एक काळी फळी. फळीवर खिळ्यांच्या दोन रांगा. वरच्या रांगेखाली 'बाहेर' लिहिलेलं, खालच्या रांगेखाली 'आत'. जंगलात जाणाऱ्या माणसानं वरच्या रांगेतला एक पितळी बिल्ला काढून खालच्या रांगेत टांगायचा. परत आला की स्वतःच्या हातानं पुन्हा वर. जोवर बिल्ला खाली, तोवर माणूस आत.

खालच्या रांगेत एकच बिल्ला होता. सतरा नंबर. दीड वर्ष झालं होतं.

"बोटं लावू नकोस," मागून आवाज आला. ही मावशी. कुणाची सख्खी मावशी नव्हती ती, पण धक्क्यावर येणाऱ्या प्रत्येकाला दमात घ्यायचा हक्क तिनं केव्हाच घेऊन टाकला होता. बारकी, वाकलेली, गळ्यात शिट्टी. "ज्यानं टांगला त्यानंच काढायचा, असा कायदा आहे इथला."

"आणि तो येणार नसला तर?"

मावशीनं तिच्याकडे पाहिलं. आवाज जरा खाली आणला. "तर त्याच वाटेनं जाऊन, त्याच मचाणावर रात्र काढून, सुखरूप परत आलेल्या माणसानं काढायचा. नुसता काढला तर तो फक्त पितळेचा तुकडा. मग खरं खोटं कुणाला कळायचं?"

दादाला शोधायला गेलेल्या होड्या आठवडेच्या आठवडे आत फिरल्या होत्या. रिकामी होडी सापडली, दादा सापडला नाही. शोध थांबला. बिल्ला मात्र राहिला, आणि त्या बिल्ल्यावर आई जगत होती. "आहे ना अजून खाली? मग आत आहे तो. येईल." रात्री दाराला कडी लावायची नाही, कारण तो अवेळी आला तर? घर रिकामं ठेवायचं नाही, कारण त्यानं कुणाला हाक मारायची? आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकले होते. डॉक्टरांनी बजावलं होतं, आणखी थांबलात तर माझ्याही हातात काही राहणार नाही. पण ऑपरेशन म्हणजे दवाखान्यात राहणं, आणि दवाखान्यात राहणं म्हणजे घराला कुलूप. आई चाचपडत गॅस पेटवायची, पण कुलूप लावू द्यायची नाही.

म्हणून तो बिल्ला वर न्यायचा होता. तिला स्वतःला. दुसऱ्या कुणी नेला असता तर आईनं मानलं नसतं.

"मावशी, दोन बिल्ले लागतील," नकाशेवाला मागून म्हणाला.

"तू?" मावशीनं त्याला वरून खाली पाहिलं. "आणि हे हनुवटीला काय झालं रे? कुणासाठी एवढं रक्त सांडलंस?"

तो कानापर्यंत तांबडा झाला. दीड वर्षात पहिल्यांदा तिला हसू आलं, आणि आल्याबरोबर अपराधी वाटलं.

*

तयारी नकाशा विभागाच्या मागच्या खोलीत चालायची. लांब उतरतं टेबल, वाकणारा दिवा, भिंतभर दलदलीचा नकाशा. त्यावर निळ्या पेन्सिलीच्या रेघा, खोडलेल्या, पुन्हा काढलेल्या.

"हा पुरा कधी होणार?"

"होत नाही. मी इकडे रेघ मारतो, तिकडे एक झाड आडवं होतं. वाट बदलते." तो टेबलावर रेलला. "म्हणून झाडांवर पांढऱ्या पट्ट्या आहेत. पट्टी दिसली नाही तर थांबायचं. अंदाजानं पुढे जायचं नाही."

"मी अंदाज करत नाही."

"माहितीये. तो सांगायचा. तुम्ही म्हणे चहात साखर वजन करून घालता."

"लहानपणी. एकदाच!"

पण सामान तिनं खरोखर वजन करून आणलं. प्रयोगशाळेतल्या काट्यावर. तंबूचं कापड, दोर, प्रथमोपचाराचा डबा, डासांची जाळी, सगळ्यांवर चिठ्ठ्या.

"काडेपेटीतल्या काड्या मोजल्यात का?"

"मोजल्या."

"किती?"

"पुरेशा."

तो एवढा मोकळा हसला की शेजारच्या खोलीतल्या कारकुनानं खाकरून दाखवलं.

संध्याकाळी ऑफिसमागच्या तळ्यात सराव. तळं उथळ, कमरेएवढं. ती होडीत पुढे, तो मागे. पुढच्यानं वेग द्यायचा, मागच्यानं दिशा. तिला त्याचा चेहरा दिसायचा नाही. नुसता आवाज, आणि वल्ह्यावरून निथळणाऱ्या पाण्याचा थेंब थेंब. मधेच गार पाण्याचा एक शिडकावा तिच्या मानेवर यायचा.

"मुद्दाम उडवलंत."

"वारा आहे."

"पान हलत नाहीये एकही."

"मग… मासा असेल."

ती वळून बघायची नाही. पण मानेवरचं पाणीही पुसायची नाही.

एकदा तळ्याच्या मधोमध तिनं वल्हं मांडीवर आडवं घेतलं. "होडी सापडली तेव्हा… आत पाणी किती होतं?"

मागचं वल्हं पाण्यातच थांबलं.

"हे मला कुणी विचारलं नव्हतं," तो अखेर म्हणाला. "सगळ्यांनी विचारलं, कुठे सापडली, केव्हा सापडली. पाणी नव्हतं. होडी कोरडी होती. दोराचं टोक पाण्यात लोंबत होतं."

"म्हणजे उलटली नाही."

"नाही."

"म्हणजे तो होडीत नव्हताच. तो मचाणावर होता, आणि होडी त्याच्याशिवाय सुटून गेली." ती हे प्रयोगशाळेतल्या आवाजात बोलत होती. तिचा तिलाच तो आवाज दुरून ऐकू येत होता. "एकच दोर होता का?"

"एकच. मला त्याला सांगायला हवं होतं, असं रोज वाटतं. मग वाटतं, तो माझं ऐकणारा होता का?"

"नव्हता," ती म्हणाली. "कुणाचंच ऐकायचा नाही."

दोघं काठाला आली. उतरताना त्यानं हात दिला. चिखल होता म्हणून तिनं धरला. मग चिखल संपला, तरी…

*

दर आठवड्याला निघायचं ठरायचं आणि दर आठवड्याला तो म्हणायचा, "पाणी अजून कमी आहे. मचाणाच्या अलीकडे होडी चिखलात रुतेल. थोडं थांबू."

ती थांबत होती. घरी आई भिंतीला हात लावत चालू लागली होती. एक दिवस दुधाचं पातेलं आईच्या पायावर पालथं झालं. भाजलेल्या पावलाला मलम लावताना तिनं सहज विचारलं, "आई, दोन दिवस दवाखान्यात गेलीस तर काय होईल गं?" आई तिच्या आवाजाच्या दिशेनं, पण किंचित बाजूला बघत म्हणाली, "तू आहेस म्हणून मला काळजी नाही बाई. तू कुठे जाणार?"

दुसऱ्या दिवशी कामाच्या नमुन्यांच्या बाटल्या भरायला ती धक्क्यावर गेली. पाण्यात उभा खांब होता, पाणी मोजायच्या खुणांचा. लाल खुणेच्या वर पाणी असलं की मचाणापर्यंत होडी जाते, हे त्यानंच शिकवलेलं. पाणी लाल खुणेच्या चांगलं वर होतं. खांबावरच्या शेवाळाची ओली रेषा त्याहूनही वर होती. म्हणजे गेले कित्येक दिवस पाणी भरपूर होतं.

"मावशी, पाणी कमी आहे का?"

"पाणी? पाणी मुबलक आहे. कमी पडतोय तो त्या नकाशाचा धीर."

ती तडक नकाशा विभागात गेली. बाटल्यांची पेटी टेबलावर आदळली. "खोटं का बोललात?"

त्यानं पेन्सिल खाली ठेवली. "दोन कारणं आहेत. त्यातलं एक सांगण्यासारखं आहे."

"मग आधी दुसरं सांगा."

तो उठून खिडकीपाशी गेला. "होडी सापडल्यापासून मी आत रात्र काढलेली नाही. दिवसा जातो, मोजमापं घेतो, ऊन कलायच्या आत बाहेर. मचाणाला लांबूनच वळसा घालतो. नोकरीच ती, आणि मी… घाबरतो."

तिचा राग जागच्या जागी थबकला. "आणि सांगण्यासारखं?"

"तुम्ही एकदा जाऊन आलात की मग या खोलीत कशाला याल?" तो खिडकीशीच बोलत होता. "नकाशे काय, वाळवी लागली तरी कुणी विचारत नाही. तुम्ही येता तेव्हा… दिवा लावावासा वाटतो. बास. एवढंच आहे."

भर दुपार होती आणि टेबलावरचा दिवा खरंच लागलेला होता.

तिच्या तोंडावर एक खट्याळ उत्तर आलं होतं. पण तेवढ्यात तिनं मनात पुढचा सोमवार आणून पाहिला, परत आल्यानंतरचा. ही खोली, हा दिवा, हा माणूस. आणि तिला काहीच दिसलं नाही. कोरा कागद. तिला त्याचं नवल वाटलं, पण थांबून बघायला वेळ नव्हता.

"शनिवारी निघायचं," ती म्हणाली. "आणि पाण्याबद्दल परत खोटं बोललात ना, तर प्रयोगशाळेत नेऊन तुम्हालाच तपासेन."

*

निघायच्या आदल्या संध्याकाळी होडी भरून बघायची, ही धक्क्याची पद्धत. दोन माणसं, दोन दिवसांचं सामान असं सगळं चढवायचं आणि होडीच्या अंगावर खिळ्यानं ओढलेल्या रेघेपर्यंत पाणी येतं का बघायचं. रेघेवर पाणी चढलं तर ओझं जास्त. रेघ उघडी राहिली तर काहीतरी राहून गेलंय.

दोघं आपापल्या जागी बसली. मावशीनं वाकून पाहिलं. "वर बसलीय होडी."

"शक्य नाही," ती म्हणाली. "सगळं दोनदा मोजलंय."

"मग तिसऱ्यांदा मोज. रेघ उघडी आहे माझे आई."

ती उतरली. पिवळी पिशवी, तंबू, दोर, जाळी, सगळं चिठ्ठ्यांप्रमाणे होतं. मग पाण्याचे कॅन. दलदलीचं पाणी कडक काढ्यासारखं काळं, ते पिता येत नाही; प्यायचं पाणी सगळं इथूनच न्यायचं. तिनं मनात आकडे मांडले. जायच्या दिवसाचं, दोघांचं. रात्रीचं, दोघांचं. बरोबर. आणि…

ती कॅनचं झाकण धरून तशीच उभी राहिली. खाण्याचा डबा उघडला. जायच्या दिवसाचं होतं. रात्रीचं होतं.

परतीचं काहीच नव्हतं. एक घोटसुद्धा.

"चूक झाली," ती म्हणाली. आवाज आपला वाटेना. "बेरीज चुकली."

"तुमची?" तो होडीतून उतरून जवळ आला होता. "काड्या मोजणाऱ्या माणसाची?"

ती फळीवर बसली. खाली काळं पाणी हलतही नव्हतं. शब्द एकेक करून आले. "मला आत जाणं दिसत होतं. मचाण दिसत होतं. ती रात्र दिसत होती. त्याच्यापुढचा सोमवार… मी कधी बघितलाच नाही. खरंच सांगते, ठरवून नाही. मला आत्ता कळतंय." तिनं तळहात पाहिले. "घरी आई दादाची वाट बघते. आणि मी दीड वर्ष आईची वाट बघतेय, की ती कधी माझ्याकडे बघेल. कंटाळा आलाय हो. इतका, की तिथे शांत असेल असं वाटलं असणार. आतल्या आत कुठेतरी."

त्यानं 'असं बोलू नका' म्हटलं नाही. डोक्यावर हातही ठेवला नाही. तो रागावलेला होता. तिनं त्याला असं कधी पाहिलं नव्हतं. जबडा आवळलेला, डोळे भरलेले.

"एक रिकामी होडी शोधलीय मी," तो म्हणाला. "दुसरी शोधणार नाही."

आणि कॅन उचलून तो खोपट्यामागच्या नळाकडे निघून गेला.

नळाचा आवाज येत राहिला. तो आला, भरलेला कॅन होडीत ठेवला. परत गेला. परत आला. रेघ हळूहळू पाण्याशी टेकली. तरी तो आणखी एक कॅन घेऊन आलाच.

"हा कशाला?" तिनं विचारलं. "रेघ भरली."

"वाट चुकलो तर. एक दिवस जास्तीचा." तो दम खात तिच्यासमोर उकिडवा बसला. अंगावरचा शर्ट निम्मा भिजला होता. "मला परत यायचंय. तुझ्याबरोबर. तुला सोमवार दिसत नसेल तर… मला दिसतो. सध्या माझ्यातला घे. अर्धा अर्धा करू."

तो तिला 'तू' म्हणाला होता. दोघांच्याही ते लगेच लक्षात आलं नाही.

"बास कर रे नकाशा," मावशी खोपट्याच्या दारातून ओरडली. "पाण्यानं नाही तर प्रेमानं बुडायची होडी!"

तिनं डोळे पुसले आणि जास्तीचा कॅन स्वतःच्या हातानं उचलून आपल्या पायाशी ठेवला. मग तंबूची जादा चादर बाहेर काढली, वजन जमवायला.

*

दलदल सुंदर नव्हती. झाडं पाण्यात उभी होती, बुंधे सुजल्यासारखे, पाण्यावर गुडघ्यांसारखी मुळं वर आलेली. फांद्यांवरून शेवाळाच्या जटा लोंबत होत्या. ऊन खाली पोचत नव्हतं. कुठेतरी काहीतरी पाण्यात पडे आणि मग जास्तच गप्प होई. पट्टी दिसली की तो मागून "पट्टी" म्हणायचा. ती "दिसली" म्हणायची. दिवसभर जवळपास एवढंच बोलणं. पण त्या दोन शब्दांत बरंच काही ये-जा करत होतं.

ऊन कलताना मचाण आलं. चार बुंध्यांवर बांधलेल्या फळ्या. होडी त्यानं दोन दोरांनी बांधली, मग तिसऱ्यानं. तिनं तिन्ही गाठी ओढून पाहिल्या.

वर एका खिळ्याला पत्र्याचा मग टांगलेला होता. दांड्यापाशी पोचा. तो पोचा तिनंच पाडलेला होता, लहानपणी.

"मला काढवला नाही," तो म्हणाला. "शोधताना दिसला होता. धुतलेला, पालथा. घरी जायच्या तयारीनं ठेवल्यासारखा."

ती मचाणाच्या कडेशी बसली आणि वल्हं सरळ खाली पाण्यात सोडलं. पाणी गुडघ्याएवढंच होतं. कुणालाही वाटेल, उतरावं, चार पावलं चालावं, सुटलेली होडी ओढून आणावी. वल्हं पाणी ओलांडून चिखलात शिरलं. तिनं दाबलं नव्हतं. ते आपल्या वजनानं जात राहिलं, अर्धं, पाऊण, मुठीपर्यंत, आणि तळ लागला नाही.

तिला सगळं कळलं. दादा घाईत होता. दादा नेहमीच घाईत असायचा.

"वल्हं वर घे," तो शेजारी बसत म्हणाला. हळू, पण ठाम.

चिखल वल्हं सोडत नव्हता. तिनं ओढलं. त्यानं तिच्या हातावर हात ठेवला, पण जोर लावला नाही. तो जोर तिलाच लावायचा होता. एकदम भसकन आवाज झाला आणि वल्हं सुटून वर आलं. मग ती रडली. दीड वर्षाचं. काळोख पडेपर्यंत तो नुसता शेजारी बसून होता आणि हात लांबवून पुन्हापुन्हा होडीचे दोर चाचपत होता, ते तिला कळत होतं. तिनं रडता रडताच चादरीचं एक टोक त्याच्या गुडघ्यांवर ओढलं.

सकाळी धुकं पाण्यावर पसरलं होतं. त्याचे डोळे लाल होते, झोपलाच नसावा. तिनं खिळ्यावरचा मग काढला, विसळला, कॅनमधलं पाणी ओतलं. अर्धं प्यायली. अर्धं त्याला दिलं. आणि कॅन हलवून पाहिला.

"अजून उरलंय," ती म्हणाली.

"हो."

"खूप उरलंय." तिनं त्याच्याकडे पाहिलं, मग वाटेकडे, आलेल्या वाटेकडे. दूरच्या बुंध्यावर पांढरी पट्टी होती. "चल. परत जाऊ."

*

फळीपाशी मावशी शिट्टी मुठीत धरून उभी होती. कसलाही दम दिला नाही. होडीतून उतरून तिनं आधी स्वतःचा बिल्ला वर नेला, त्यानं आपला. मग सतरा नंबर. तो खिळ्याला चिकटला होता. भोकाशी हिरवट थर जमला होता. तो थर कसा धरतो, ते ती कुणालाही समजावून सांगू शकली असती. तिनं बिल्ला हळूच फिरवून सोडवला. मागे फळीवर एक काळाभोर, ताजा गोल उरला, जिथे दीड वर्ष ऊन लागलं नव्हतं.

मावशीनं वरच्या रांगेत टांगायला हात पुढे केला. मग हात मागे घेतला. "घरी ने. पुन्हा सतरा नंबर कुणाला द्यायचा नाही."

घराचं दार नेहमीसारखं नुसतं लोटलेलं होतं. आई समोरच्या खुर्चीत. पावलाला पट्टी.

"कोण?"

"मी, आई."

"दोघांची पावलं वाजली." आईचा चेहरा उजळला, आणि त्या उजळण्याकडे बघवेना.

"आई… हा दुसरा आहे. नकाशेवाला. दादाचा मित्र." तिनं बिल्ला आईच्या तळहातावर ठेवला. "मी जाऊन आले. रात्रभर होते तिथे. मी बघून आले, आई."

आईची बोटं बिल्ल्यावरून फिरली. एक आकडा. दुसरा. परत पहिल्यापासून. संध्याकाळचा उजेड खोलीतून काढता पाय घेत होता. आईनं एकदाच विचारलं, "त्रास झाला असेल का रे त्याला?" तिला नाही, नकाशेवाल्याला विचारलं.

त्याला खोटं बोलता येत होतं, हे तिला माहीत होतं. तो जमिनीवर आईच्या खुर्चीपाशी बसला. "झाला असेल, काकू," तो म्हणाला. "पण त्याचा पत्र्याचा मग धुऊन ठेवला होता. पालथा. तो घरीच यायला निघाला होता."

पिशवीतून पत्र्याचा मग निघाला. आईनं दांड्यापाशीचा पोचा चाचपला आणि तो छातीशी धरून बसली. रडण्याचा आवाज असा आलाच नाही.

मग आई उठली. भिंतीला हात लावत दारापर्यंत गेली. दार ओढून घेतलं आणि वर कडी शोधू लागली. कडी वापराविना आखडली होती. तो मदतीला उठला.

"राहू दे," आई म्हणाली. "आता कोण यायचं राहिलंय?"

कडी करकरली, अडली, आणि बसली. त्या आवाजानंतर घर इतकं गप्प झालं की दलदल बरी. मग त्या शांततेत तो चाचरत म्हणाला, "काकू, ते… मला अजून घरी जायचंय."

आई त्याच्या आवाजाच्या दिशेनं, किंचित बाजूला बघत थांबली.

"जाशील," ती म्हणाली. "जेवून जा. आणि जाताना ही उघडता येते का बघ, मला जमायची नाही." मग जरा थांबून, "सोमवारी मला दवाखान्यात न्यायला कोण येईल गं? तू एकटी?"

तिनं त्याच्याकडे पाहिलं. सोमवार तिला दिसला. धूसर, अर्धामुर्धा, कडेला ओल आलेल्या नकाशासारखा. पण दिसला.

"नाही," ती म्हणाली. "आम्ही दोघं."